सोहारचं विरजण

रात्रपाळीत टाकीचा आवाज बदलला
की आकड्यांच्या आधी मला कळतं.
मी लोट्याची. खाडीला कसला वास आला
म्हणजे कुठल्या कंपनीनं पाणी सोडलं,
हे शाळेत जायच्या आधी शिकले.

इथे वास नाही.
पलीकडच्या भट्टीची चिमणी
बंदराच्या दिव्यांत गुलाबी दिसते,
उडत नाही, दाणा टिपत नाही,
आणि जे सोडते त्याला रंगसुद्धा नाही.
त्यातलं चिमूटभर आम्ही नळीनं वळवतो,
पाण्यातून वीज खेळवतो,
आणि त्या उच्छ्वासाचं होतं फॉर्मेट:
मुंगीच्या डंखातला आंबटपणा, मिठात बांधलेला.
इथवर धातूचं काम. पुढचं जिवाणूंचं.

शम्सा विचारते, तुमच्यात या कल्चरला काय म्हणतात?
विरजण, मी म्हणते.
मग दूध सांगावं लागतं, झाकण सांगावं लागतं,
आणि शेजारीण वाटी घेऊन आली
तर नाही म्हणायचं नसतं, तेही.
ती म्हणते, हे पेटंटवाल्यांना सांगू नकोस.

आमचे जिवाणू सुखात साठवत नाहीत.
कार्बन पोटभर द्यायचा, नत्र तोडायचं,
की त्यांना उद्याची धास्ती बसते.
मग आत कण जमवत जातात,
गच्च, अंगाच्या निम्म्याहून जास्त.
रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरले
की एकेक कण केशरी पेटतो
आणि मला कॅम्पातल्या खोल्या दिसतात:
कॉटखाली बॅग, बॅगेत बॅग,
करार संपायच्या आत किती तोळे, किती चौरस फूट.
यांना फोडून साठा काढून घेणारी मात्र
मीच.

फेब्रुवारीत एका रात्री
इलेक्ट्रोडवर पांढरं मीठ चढलं, प्रवाह उतरला,
खाणं बंद.
दोन दिवस आम्ही मीठ खरवडत बसलो.
तोवर त्यांनी स्वतःचंच साठवलेलं खाऊन टाकलं.
शम्सानं नोंदवहीत लिहिलं: उत्पादन शून्य.
मी शेजारी लिहिलं: जिवंत आहेत.
तिनं ते खोडलं नाही.

पुढच्या खेपेला पट्टी निघाली. एकवीस ग्रॅम.
दुधाच्या सायीसारखी, वाकवली की किंचित कुरकुरणारी.
मस्कतहून आलेल्या साहेबांनी ती उजेडात धरली,
म्हणाले, चिमणी तासाला किती टन सोडते, ठाऊक आहे ना?
ठाऊक आहे.
त्या कागदावर रोज माझीच सही असते.

शम्साचे वडील खजुरीच्या झावळ्यांच्या देठांची होडी बांधतात.
शाशा म्हणतात तिला. खिळा नाही, फळी नाही,
नुसते देठ आणि दोर.
पाणी पिते, रोज उन्हात वाळवावी लागते,
दोन-तीन वर्षांत कुजते.
मी विचारलं, मग फायबरची का नाही घेत?
ते म्हणाले, होडी संपली पाहिजे,
नाहीतर पोरांना बांधायची कशी कळणार?
पोरं फायबरची वापरतात. तेही त्यांनीच सांगितलं.

पट्टीचा तुकडा आम्ही तारेच्या पिशवीत घातला,
त्यांनी गाठ मारली, शाशातून नेऊन
बोयाखाली सोडला.
मार्च गेला. एप्रिल, मे. समुद्र चहासारखा तापला.
जूनच्या शेवटी त्यांनी दोर ओढला:
तारेला चिकटलेले दोन शिंपले,
खेकड्याची एक नांगी,
आत काही नाही.

आम्ही दोघी वाळूत ओरडलो.
ज्या किनाऱ्यावर रिकामी जाळी पाहून
घरातली चूल गप्प होते,
तिथे.

विरलं, मी म्हणाले, विरजणातलं विरलं,
आणि शम्साला ते अरबीत आणता येईना.
म्हातारा मात्र ओशाळून उभा होता.
दोर बोटांवरून सरकवत
गाठ पुन्हा पाहत होता:
माझ्याकडून तर सुटली नाही?